दहा हजारी एकच्या आत, तरीही वर्षाला २४० नवे रुग्ण

प्रश्न असा आहे: "आमच्या जिल्ह्यात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारी एकपेक्षा कमी, म्हणजे दूरीकरण साध्य, असे आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहिले आहे. शोधमोहिमेत मात्र शेकड्यांनी नवे रुग्ण सापडल्याची बातमी परवा वाचली. यातले खरे काय? आणि एखादा रोग लोकांत किती आहे, हे मुळात मोजतात कसे?"

दोन्ही खरे असू शकते. बहुधा आहेच. फलक एक गोष्ट मोजतो, बातमी दुसरी. कुष्ठरोगाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे हा घोळ मी जवळून पाहिला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

रोग मोजण्याचे मुख्य प्रकार दोन. ठरावीक दिवशी किती जण रुग्ण आहेत, हा एक. त्याला आम्ही प्रिव्हॅलन्स म्हणतो. ठरावीक काळात, बहुतेकदा वर्षभरात, किती जण नव्याने रुग्ण झाले, हा दुसरा. तो इन्सिडन्स. फलकावरचा आकडा पहिल्या जातीचा, बातमीतला दुसऱ्या. हे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते आणि सगळ्यांना पाठ असते. खरी मेख पुढे आहे: पहिला आकडा किती नवे रुग्ण येतात यावर जितका अवलंबून असतो, तितकाच रुग्ण 'रुग्ण' म्हणून किती काळ राहतो यावरही असतो. आणि तो काळ पुष्कळदा माणसेच ठरवतात.

आकडेमोड करून पाहू. २० लाख वस्तीचा एक जिल्हा धरा. दरवर्षी तिथे २४० नवे कुष्ठरुग्ण सापडतात, निम्मे असांसर्गिक प्रकारचे, ज्यांना आम्ही पीबी म्हणतो, आणि निम्मे सांसर्गिक, म्हणजे एमबी. पीबीचा बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून अधिक औषधे एकत्र देणे, सहा महिन्यांचा, एमबीचा बारा महिन्यांचा. उपचार संपला की नाव नोंदवहीतून कमी होते. मग कोणत्याही एका दिवशी वहीत एमबीचे १२० आणि पीबीचे ६० सापडतील. एकूण १८०. वीस लाखांत १८० म्हणजे दहा हजारी ०.९. झाले दूरीकरण! आणि त्याच जिल्ह्यात वर्षाला २४० माणसांच्या अंगावर नवे बधिर चट्टे निघत आहेत.

आता उपचाराचा काळ बदलून पाहा. १९९८ च्या आधी एमबी रुग्णाला दोन वर्षे औषध देत. त्या हिशोबाने याच जिल्ह्याच्या वहीत एमबीचे २४० आणि पीबीचे ६०, म्हणजे ३०० नावे. दर दहा हजारी दीड. त्याच्याही मागे जा. बहुविध औषधोपचार येण्यापूर्वी एकटी डॅप्सोनची गोळी होती आणि ती वर्षानुवर्षे, कित्येकांना आयुष्यभर घ्यावी लागे. सरासरी दहा वर्षे धरली तरी वहीत २४०० नावे, दहा हजारी १२. तिन्ही उदाहरणांत नवे रुग्ण तेवढेच, वर्षाला २४०. जंतूच्या फैलावात रतीभर फरक नाही. तरी दर १२ वरून ०.९ वर आला.

भारतात नेमके हेच झाले असे मी म्हणणार नाही. बहुविध औषधोपचार हे खरोखर मोठे काम होते. त्याने लाखो माणसे बरी झाली, हातापायांची बोटे वाचली आणि संसर्गाचा काळही आखडला. पण सरकारी कागदांत १९८३ मध्ये दहा हजारी ५७.८ असलेला दर डिसेंबर २००५ मध्ये ०.९५ वर आला आणि देशाने दूरीकरण जाहीर केले, त्या घसरणीत उपचारकाळ कमी झाल्याचा आणि जुनी नावे वहीतून साफ केल्याचा वाटा फार मोठा होता. मधली काही वर्षे तर एकच चट्टा असलेल्या रुग्णाला तीन औषधांची एकच मात्रा देत. असा रुग्ण सकाळी नोंदला जाई आणि दुपारी मोकळा होई. दिवस धरून मोजणाऱ्या आकड्यात तो दिसणार कसा?

आणखी एक बारकावा. हा दर ३१ मार्चला वहीत किती नावे आहेत त्यावरून काढतात. मे महिन्यात सापडलेला पीबी रुग्ण ऑक्टोबर-नोव्हेंबरात औषधे संपवून मोकळा होतो. तो कोणत्याच मार्चअखेरच्या आकड्यात येत नाही. (मार्चअखेर म्हटले की आपल्याकडे सगळ्याच खात्यांच्या वह्या जरा जास्तच नीटनेटक्या होतात, ते सोडून देऊ.)

दहा हजारी एक ही रेषा १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने उद्दिष्ट म्हणून आखली. अमुक आकड्याखाली गेला की कुष्ठरोगाचा फैलाव आपोआप थांबतो, असा काही जैविक नियम तिच्यामागे नाही. उद्दिष्ट म्हणून ती उपयोगी पडली, पैसा आला, औषधे फुकट मिळाली. पण रेषा ओलांडली की काम संपले, असा समज पसरला. त्याची किंमत आपण नंतर मोजली.

मग नव्या रुग्णांचाच आकडा पाहावा, असे तुम्ही म्हणाल. तो जास्त बरा, हे खरे. पण त्याचीही स्वतःची खोड आहे. देशात २००१ मध्ये ६ लाख १८ हजारांच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले आणि २००५ मध्ये १ लाख ६१ हजार. चार वर्षांत पाऊण भाग नाहीसा. कुष्ठरोगाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंतचा काळ, सरासरी पाच वर्षांचा असतो आणि कित्येकदा वीस वर्षांपर्यंत जातो. अशा संथ रोगाचे नवे रुग्ण चार वर्षांत इतके कमी होऊ शकत नाहीत. त्या वर्षांत घरोघरी जाऊन शोधणे कमी झाले, स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, निदानाची फेरतपासणी सुरू झाली. उतरला तो शोध.

कोविडच्या काळाने याचा पुरावाच दिला. २०१९ मध्ये देशात १ लाख १४ हजार नवे कुष्ठरुग्ण सापडले होते. २०२० मध्ये ६५ हजार. २०२२ मध्ये पुन्हा लाखाच्या वर. कुष्ठरोगाचा जंतू टाळेबंदी पाळून घरी बसला होता, असे कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या. बंद झाले होते ते आशाताईंचे घरोघर फिरणे.

म्हणून जाणकार माणूस या आकड्याला 'नव्या रुग्णांचा दर' म्हणत नाही, 'नवे रुग्ण सापडण्याचा दर' म्हणतो. मोहीम काढली की तो चढतो, कारण मोहीम एका वर्षाचे नव्हे तर मागच्या कैक वर्षांचे साचलेले रुग्ण एकदम बाहेर काढते. तुमच्या बातमीतले 'शेकड्यांनी नवे' बहुतेक याच प्रकारातले आहेत. रोग अचानक वाढल्याचा तो पुरावा नाही. तो आधीच होता आणि कुणी पाहिला नव्हता, याचा तो पुरावा आहे.

शोध कसा होतो यावरही बरेच ठरते. गावोगाव जाऊन प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि तिथेच उपचार सुरू करायचे, ही पद्धत वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने १९५० च्या दशकात बसवली आणि ती पुढे देशभर गेली. त्या सर्वेक्षणांत एक अडचण सतत यायची. तपासणारे पुरुष, आणि चट्टा बाईच्या पाठीवर किंवा मांडीवर. ती दाखवणार कशी? त्यामुळे बायकांमधला रोग कागदावर नेहमी कमी दिसायचा. २०१६ पासूनच्या शोधमोहिमांत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी ठेवतात, ती यासाठी. आशाताई बायकांना तपासते, जोडीदार पुरुषांना. तेव्हा एखाद्या जिल्ह्यात बायकांमधले रुग्ण वाढलेले दिसले तर आधी चमूत बाई होती का हे विचारावे.

शोधाच्या चढउताराने सहजासहजी न फसणारी मापेही आहेत. नव्या रुग्णांत चौदा वर्षांपर्यंतची मुले किती? लहान मुलाला रोग झाला याचा अर्थ संसर्ग अलीकडच्या वर्षांतला आहे, त्याच्या आसपास उपचार न घेतलेला कोणी आहे. आणि निदानाच्या दिवशीच डोळ्याने दिसणारी विकृती किती जणांत होती? बोटे वाकलेली, पाय लुळा पडलेला, तळव्याला जखम. अशी विकृती म्हणजे निदान काही वर्षे उशिरा झाले. या विकृतीचे नव्या रुग्णांतले शेकडा प्रमाण घेतले तर तेही मोहिमेने खाली येते, कारण मोहिमेत सुरुवातीचे सौम्य रुग्ण भरपूर मिळतात आणि छेद, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा, फुगतो. म्हणून ते दहा लाख लोकसंख्येमागे किती हे पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ ते २०२० च्या धोरणात त्याचे उद्दिष्ट दहा लाखांमागे एकापेक्षा कमी असे ठेवले होते. मला विचाराल तर फलकावर हाच आकडा लिहायला हवा.

कुष्ठरोगावर एवढा वेळ घेतला, कारण तिथे सगळे खाचखळगे एकाच ठिकाणी सापडतात. इतर रोगांत तेच वेगळ्या वेशात भेटतात.

छेदाचे घ्या. अंश, म्हणजे रुग्ण, सगळे मोजतात. छेदाकडे, म्हणजे ज्यांच्यातून हे रुग्ण आले त्या लोकांकडे, फारसे कोणी पाहत नाही. आपल्याकडे २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे वर्षानुवर्षे २०११ च्या आकड्यांवरून अंदाजाने पुढे नेलेली लोकसंख्या वापरावी लागली. झपाट्याने वाढलेल्या उपनगरात ती कमी पडते आणि रोगाचा दर उगाच चढतो. ओस पडत चाललेल्या गावात उलटे होते.

कर्करोगाच्या नोंदींत याची गंमत पाहायला मिळते. भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ चा आणि ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ ची, आपल्या बार्शीची. शहरातल्या नोंदणीचा कर्मचारी रुग्णालये आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळा फिरतो. बार्शीत ते पुरेसे नव्हते, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयात पोचतच नसे. म्हणून तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, अंगावरून जाणारे रक्त, न भरणारी तोंडातली जखम, अशी लक्षणे सांगत, संशयित बाईमाणसांना तपासणीला आणत. नोंद ठेवायची तर आधी रोग शोधावा लागला.

आता हे पाहा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०१२ ते २०१६ च्या आकड्यांत पुरुषांमधला सर्वाधिक दर मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा आहे, लाखामागे २६९.४. सर्वांत कमी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या आपल्या जिल्ह्यांचा, ३९.५. स्त्रियांमध्येही तळाला हेच जिल्हे, ४९.४. हे दर वयानुसार समायोजित आहेत. म्हणजे एका भागात म्हातारी माणसे जास्त आणि दुसऱ्यात तरुण जास्त, यामुळे पडणारा फरक काढून टाकला आहे. कर्करोग मुख्यतः उतारवयाचा रोग. जिथले तरुण नोकरीसाठी शहरात गेले आणि म्हातारे मागे राहिले, त्या गावाचा कच्चा दर आपोआप जास्त येतो. म्हणून सगळ्या ठिकाणांना एकच काल्पनिक वयोरचना लावून दर पुन्हा काढतात. तेव्हा सातपटीचा हा फरक वयाचा नाही.

मग मराठवाड्यातल्या माणसाला कर्करोग सातपट कमी होतो असे मानायचे का? काही फरक खरा आहे, यात मला शंका नाही. ईशान्य भारतात तंबाखूच्या सवयी वेगळ्या आणि जबर आहेत, जठर व अन्ननलिकेचे कर्करोग तिथे फार आहेत. पण सगळा फरक खरा असेल असे मला वाटत नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास तो कुटुंबासह पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, गळीत हंगाम संपल्यावर परततो. मधल्या पाच-सहा महिन्यांत तो दुखणे अंगावर काढतो. फारच झाले तर तिकडच्या रुग्णालयात दाखवतो, आणि तिथल्या कागदावर पत्ता कारखान्याच्या तळाचा लागतो. जनगणनेत तो बीडचा, म्हणजे छेदात आहे. अंशात येईल याची खात्री नाही. मृत्यूच्या दाखल्यांवरून ही गळती भरून काढावी, तर देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहेत.

याच बीडमध्ये छेदाचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आकडेवारीपुरता नाही. २०१९ मध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या बाईला गर्भाशयच नाही तिला गर्भाशयाचा कर्करोग व्हायचा नाही. नियमाने पाहिले तर छेदात फक्त ज्यांना तो रोग होऊ शकतो अशाच व्यक्ती हव्यात, आणि जिथे इतक्या बायकांची शस्त्रक्रिया झाली आहे तिथे सगळ्या बायका धरून काढलेला दर वास्तवापेक्षा कमी येणार. पुरुषांचा दरही तितकाच तळाला असल्यामुळे एकूण कमी दराचे हे मुख्य कारण नव्हे, हे उघड आहे. पण गर्भाशयाच्या कर्करोगापुरते बोलायचे असेल, तर ही वजाबाकी केल्याशिवाय बीडची तुलना दुसऱ्या जिल्ह्याशी करू नये.

उलट टोकाला दक्षिण कोरिया. तिथे १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे नवे रुग्ण पंधरापट झाले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी आली आणि कधीही त्रास न देणाऱ्या बारीक गाठी कर्करोग म्हणून नोंदल्या गेल्या. नव्या रुग्णांचा आकडा चढतो आणि मृत्यूंचा जागचा हलत नाही, असे दिसले की मी आधी तपासणीयंत्रांची चौकशी करतो.

वहीवर भरवसा नसेल तर सर्वेक्षण करावे लागते: लोकांतून नमुना निवडायचा, दारात जाऊन तपासायचे. मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत रक्तातील कोविडच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पाहणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. त्या सुमारास शहरात चाचणीने सिद्ध झालेले रुग्ण लाखाच्या थोडे वर होते, म्हणजे सव्वा कोटींच्या मुंबईत एक टक्कासुद्धा नाही. तीन वॉर्ड म्हणजे सगळी मुंबई नव्हे, हे मान्य. तरी नोंद आणि वास्तव यांच्यात किती अंतर असू शकते हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मृत्युदराचाही हिशोब त्याबरोबर बदलला, कारण मृत्यू तेवढेच राहिले आणि छेद कितीतरी पट मोठा झाला.

त्याच वॉर्डांत ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली. झोपडपट्टीतला आकडा ४५ टक्के आला. 'संसर्ग कमी झाला' असे तेव्हा काही जणांनी लिहिले. होऊन गेलेला संसर्ग कमी कसा होईल? प्रतिपिंडे काळाबरोबर ओसरतात, आणि दुसऱ्या फेरीत तपासलेली माणसे वेगळी होती. ती पाहणी 'आज रक्तात प्रतिपिंडे किती जणांकडे' हे मोजत होती, 'आजवर संसर्ग किती जणांना' हे नव्हे.

क्षयरोगातही असेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांत फुप्फुसाचा, जंतू सिद्ध झालेला क्षय लाखामागे ३१६ निघाला. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेही दाखवायला गेले नव्हते. क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदीच्या निक्षय पोर्टलवर कितीही काटेकोर नोंदी केल्या तरी ही माणसे तिथे येणार नाहीत. एचआयव्हीत उलटे घडले. २००७ पर्यंत भारतात ५२ लाख बाधित असल्याचे सरकारी अंदाज सांगत. ते मुख्यतः ठरावीक सरकारी प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांतल्या रक्तनमुन्यांवरून काढलेले होते. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले, १५ ते ४९ वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के निघाले, आणि देशाचा अंदाज एका फटक्यात निम्म्यावर, २५ लाखांच्या आसपास आला. एकही माणूस बरा झाला नव्हता. सरकारी दवाखान्यात येणारी गरोदर बाई साऱ्या देशाची प्रतिनिधी नसते, एवढेच कळले.

सर्वेक्षणाची चाचणीही निर्दोष नसते. समजा हजार लोकांत खरोखर दहा जणांना संसर्ग झाला आहे, आणि चाचणी शंभर निरोगी माणसांत दोघांना चुकून होकारार्थी ठरवते. ९९० निरोगींमधून वीसेक खोटे होकार येतील. ते खऱ्या दहात मिसळले की तीस, म्हणजे एक टक्क्याचे तीन टक्के. तीच चाचणी निम्म्या लोकांना संसर्ग झालेल्या वस्तीत वापरली तर खोटे होकार दहाच, त्यांनी काही बिघडत नाही. म्हणून मे-जून २०२० च्या आयसीएमआरच्या पहिल्या देशव्यापी पाहणीतला ०.७३ टक्के हा आकडा चाचणीचा दोष वजा करूनच काढावा लागला. रोग जितका विरळ, तितकी चाचणीची खोटी साक्ष महाग पडते.

आणि रोग विरळ, वस्ती लहान, असे दोन्ही असले तर निव्वळ योगायोगही फसवतो. 'आमच्या गावात यंदा कॅन्सर वाढला, तीन जण सापडले' असे पुष्कळदा ऐकायला मिळते. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सरासरी एक रुग्ण अपेक्षित आहे असे धरा. तरी केवळ योगायोगाने तीन किंवा अधिक रुग्ण येण्याची शक्यता आठ टक्के असते. तालुक्यात अशी शंभर गावे असतील तर दरवर्षी आठ गावांत 'कॅन्सर वाढलेला' असेल, आणि पुढच्या वर्षी वेगळ्या आठ गावांत. गावकऱ्यांची भीती खोटी नसते. पाण्याचे नमुने जरूर घ्यावेत. पण त्याआधी तेच गाव सलग वर्षे वर येते का, आणि तिन्ही रुग्ण एकाच अवयवाच्या कर्करोगाचे आहेत का, हे पाहावे.

साथ ओळखायलासुद्धा नेहमीचा दर ठाऊक असावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन अचानक हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकदम दिसू लागले. महिना-दोन महिन्यांत आकडा दोनशेच्या आसपास गेला. हा आजार एरवी लाखामागे वर्षाला एक-दोन जणांना होतो. म्हणजे सत्तर लाखांच्या पुणे परिसरात वर्षाला शंभराच्या आगेमागे, महिन्याला आठ-दहा. ते नेहमीचे रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेले असल्याने कोणाच्या लक्षात येत नसत. इथे मला पोलिओ यंत्रणेची आठवण होते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला तर ती यंत्रणा त्याची नोंद घेते, आणि त्यांत गियाँ-बारेची मुले पुष्कळ असतात. लुळेपणाचे पोलिओ नसलेले रुग्ण लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी सापडलेच पाहिजेत, नाहीतर त्या भागात शोध नीट होत नाही असे धरतात. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतरच्या शून्यावर जगाने विश्वास ठेवला, तो याच अटीमुळे. मोठ्या माणसांसाठी अशी यंत्रणा नव्हती, म्हणून पुण्यात नेहमीचा दर पाठ्यपुस्तकातून घ्यावा लागला.

आता तुमच्या जिल्ह्याकडे. जिल्ह्याला सहायक संचालक, कुष्ठरोग यांचे कार्यालय असते. तिथे मागच्या पाच वर्षांचे हे तक्ते मागा: वर्षाला सापडलेले नवे रुग्ण, त्यांत मुले किती, स्त्रिया किती, निदानाच्या वेळी दिसणारी विकृती किती जणांत, आणि मोहिमेत प्रत्यक्ष किती माणसे तपासली. शेवटचा रकाना सोडू नका. तो रिकामा असेल किंवा त्यात सगळ्या गावांची लोकसंख्या जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर बाकीच्या रकान्यांवर फार वेळ घालवू नका. तपासलेल्यांचा आकडा खरा वाटला आणि दोन-तीन मोहिमांनंतर नवे रुग्ण घटू लागले, त्यांतली मुलेही घटली, तर फैलाव खरोखर कमी होतो आहे. नवे रुग्ण घटले पण विकृती असलेल्यांची संख्या तीच राहिली, तर शोध सैल पडला आहे. मुलांची संख्या एका तालुक्यात दोनावरून चारावर गेली म्हणून 'दुप्पट' लिहू नका. एवढ्या लहान आकड्यांत तीन वर्षांची बेरीज करून मगच तुलना करावी.